घर वगळून

"आमचं घर कुटं गेलं?"

चांगुणाआक्का माझ्या पाठीशी कधी येऊन उभ्या राहिल्या कोण जाणे. एका हातात ताकाचा तांब्या, दुसरा हात डोळ्यांवर आडवा धरलेला. त्या एकदा समोरच्या उताराकडे बघत होत्या, एकदा माझ्या कॅनव्हासकडे. उतार दोन्हीकडे होता. खालचं धरणाचं पाणी होतं, पलीकडचा डोंगर होता, डावीकडचं उंबराचं झाड होतं. फक्त उताराच्या मधोमध, जिथे त्यांचं घर होतं, तिथे माझ्या चित्रात गवत होतं.

"घर घेतलं नाही, आक्का," मी म्हणालो.

"का रं? काल तर हुतं. म्या सोता बगितलं."

"काल होतं. आज सकाळी खरवडून काढलं."

"मोडलंस व्हय?" आणि त्या खदखदून हसल्या. "ब्येस केलंस. लई गळत हुतं औंदा."

मीही हसलो. तांब्या तोंडाला लावला, मिशीला लागलेलं ताक बाहीने पुसलं आणि पुन्हा कामाला लागलो. चित्र हातात आलं होतं. असे दिवस फार थोडे येतात हो. त्या दिवशी मी कुणाचंही घर मोडलं असतं.

आंबेटेकला मी तेव्हा दर वर्षी जात होतो. भोरच्या एका शाळेत मी आधी ड्रॉइंग मास्तर होतो, म्हणून तो सगळा मुलूख पायाखालचा. पुढे नोकरी सोडून पुण्याला आलो. आता आपण फक्त चित्रं काढायची, असं मी जाहीर केलं आणि माझ्या बायकोने, मंदाने, ते मनावर घेतलं. ती पोस्टात होती. तिच्या पगारावर घर चालत होतं आणि मी कलावंत होतो.

आक्का धनगर. आडनाव मरगळे. डोंगराच्या त्या उतारावर त्यांचं एकटंच घर. चार म्हशी, काही शेळ्या, मुलगा आणि सून साळू. मी गेलो की त्यांच्या ओसरीवर पथारी टाकायची, त्या देतील ती भाकरी खायची आणि उजाडायच्या आत समोरच्या टेकाडावर इझल लावायचं. तैलरंग वाळायला वेळ घेतात, म्हणून ओलं चित्र रोज आक्कांच्या घरात ठेवायचो, तेही भिंतीकडे तोंड करून. तरी एका शेळीने आकाशाचा कोपरा चाटलाच. आक्कांनी तिला अशा काही शिव्या घातल्या की बिचारी दोन दिवस माझ्याकडे फिरकली नाही. रंगातल्या जवसाच्या तेलाची चव तिला आवडली असावी. माझ्या चित्राला मिळालेली ती पहिली दाद.

तर घर मी का काढलं ते सांगतो. आक्कांच्या मुलाने गळतीला कंटाळून त्या वर्षी छपरावर नवा कोरा पत्रा टाकला होता. सकाळी नऊच्या सुमाराला ऊन त्यावर आलं की तो असा काही चमकायचा की डोळे दिपून जायचे. आणि चित्राचं असं असतं की सगळ्यात उजळ जागा जिथे असेल तिथेच बघणाऱ्याची नजर जाते. मग तुम्ही बाकीच्या कॅनव्हासवर जीव ओता, कुणी ढुंकून बघत नाही. दोन दिवस मी त्या पत्र्याशी झटापट केली. तो पांढरा जमत नव्हता. तिसऱ्या दिवशी रंगाचा नाइफ घेतला, सगळं घर खरवडलं आणि वर गवत भरलं. लगेच चित्राने श्वास घेतला.

पत्रा थोडा काळवंडून दाखवता आला असता. घर जरा खाली सरकवता आलं असतं, झाडाच्या आड घेता आलं असतं. चांगला चित्रकार हे करतो. माझ्याच्याने झालं नाही, म्हणून मी ते काढून टाकलं. पण तेव्हा मी स्वतःला म्हणालो, की काय वगळायचं हे ज्याला कळतं तोच खरा चित्रकार. असली वाक्यं माझ्याकडे तेव्हा पुष्कळ होती.

त्याच हिवाळ्यात पुण्यात माझं प्रदर्शन लागलं. पहिले दोन दिवस ओळखीचे लोक आले, चहा पिऊन गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी एक उंचसे, साधा पांढरा शर्ट घातलेले गृहस्थ आले आणि त्या आंबेटेकच्या चित्रासमोर उभे राहिले. मग कोपऱ्यातली खुर्ची स्वतः उचलून आणली आणि समोर बसले. बराच वेळ बसले. मी लांबून बघत होतो आणि मंदा मला कोपराने ढोसत होती.

"जा ना, बोल त्यांच्याशी."

"बसू दे गं. मासा गळाला तोंड लावतोय, हलवू नकोस."

अनिरुद्ध खर्शीकर त्यांचं नाव. यंत्रांचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता त्यांचा. माणूस मनाने चांगला होता, हे मी आजही म्हणतो. नसता तर सगळं सोपं झालं असतं.

"बिवलकर," त्यांनी चित्रावरून नजर न काढता विचारलं, "ही जागा मनातली आहे ना?"

"मनातली?"

"म्हणजे इतकी शांत जागा... एक माणूस नाही, खांब नाही, घर नाही. अशी जागा उरलीय कुठे आपल्याकडे? तुम्ही रचलंय हे."

बस! माझी नेमकी दुखरी जागा ती. वर्गात बसून फोटोवरून निसर्गचित्रं काढणाऱ्यांना मी जन्मभर नावं ठेवली. उन्हातान्हात बसून, शेळीने चाटलेलं चित्र घेऊन मी इथे आलो आणि हा माणूस म्हणतो रचलंय!

"अहो, मनातलं मी काही रंगवत नाही," मी म्हणालो. "जागेवर बसून केलंय. जसंच्या तसं."

"जसंच्या तसं?"

"शब्दच आहे माझा. वाटल्यास घेऊन जातो तुम्हाला."

"मग न्या," ते म्हणाले आणि त्यांनी चित्र विकत घेतलं. मी चित्राखाली विकल्याचा लाल ठिपका चिकटवला. दोन वर्षांतला पहिला ठिपका.

रात्री जेवताना मंदा म्हणाली, "जसंच्या तसं काय रे? तूच सांगत होतास ना, त्या बाईंनी घर कुठे गेलं म्हणून विचारलं?"

"तो एक तपशील झाला."

"त्यांना जाऊन सांग, तपशील."

"मंदे, आज आनंदाचा दिवस आहे. वाढ ती खीर."

आणि तिने वाढली.

पुढच्याच रविवारी आम्ही गेलो. गाडी डांबर संपेपर्यंत गेली, तिथून पायवाट. खर्शीकर पोरासारखे पुढे पळत होते. टेकाडावर पोहोचलो आणि मी जिथे इझल लावायचो नेमकं तिथेच येऊन ते थांबले. पाणी, डोंगर, उंबर, सगळं त्यांनी एकेक करून ओळखलं. मग त्यांचा हात मधेच थांबला.

"हे घर चित्रात नव्हतं."

"नाही," मी म्हणालो. "ते रचनेसाठी... पत्र्याचा उजेड फार येतो बघा. नजर ओढतो."

"ओढतो खरा," ते म्हणाले. आणि घराकडेच बघत राहिले. मला वाटलं रागावले. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. माझी इज्जत गेली, चित्र परत करतात की काय, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं.

तेवढ्यात आक्कांनी ओसरीवरून हाळी दिली. "मास्तर! पावनं आनलंस व्हय? या की खाली!"

आम्ही खाली गेलो. आक्कांनी घोंगडं अंथरलं, साळूने चहा टाकला. म्हशीच्या निरशा दुधाचा असा घट्ट चहा. खर्शीकरांनी तो मागून दुसऱ्यांदा घेतला. आक्का खुशीत होत्या.

"सायेब, ह्या मास्तरानं आमचं घर मोडलं, ठाव हाय का? चित्रात न्हाय घेतलं. म्या म्हनलं, बाबा, आमी काय तुजं घोडं मारलं?"

खर्शीकर मनापासून हसले. "किती वर्षं आहात आक्का इथे?"

"माज्या सासऱ्याचा बाप आला. मालकानं सांगितलं, ऱ्हावा, गुरं वळा, रान राखा. तवापासनं हाव."

"म्हणजे जागा तुमची नाही?"

"न्हाय बा. जागा मालकाची. आमचं घर."

ती दोन वाक्यं त्या एका सुरात बोलल्या. त्यांच्या लेखी त्यात अडचण काहीच नव्हती. मी मात्र खर्शीकरांकडे बघितलं आणि मला कळलं. प्रदर्शनात खुर्ची ओढून बसले होते तेव्हा जसे दिसत होते, तसेच ते आता दिसत होते.

आम्ही परत निघालो. घाट उतरल्यावर त्यांनी विचारलं, "मालक कोण आहेत हो त्या जमिनीचे?"

आता आक्का नुसतं मालक म्हणायच्या, नाव कधी घ्यायच्या नाहीत. पण मला माहीत होतं. मालकाचा मुलगा भोरला माझ्या वर्गात होता. त्याच्या वडिलांच्या घरी मी दोनदा जेवलोही होतो. मला ठाऊक नाही, एवढं म्हटलं असतं तर ते खोटं धरून कुणी मला फाशी दिली नसती.

"का?" मी विचारलं.

"ती जागा राखायला हवी, बिवलकर. आज ना उद्या कुणीतरी येऊन तिथे हॉटेल काढणार. मी तिथे काही बांधणार नाही. एक फांदी तोडणार नाही. फक्त ती आहे तशी ठेवायची. आणि हो, मला त्या जागेची सहा चित्रं हवीत तुमच्याकडून. सहा ऋतूंची. वर्षभर करा, निवांत."

सहा चित्रं! तरी मी विचारलं. अगदीच काही मुकाट बसलो नाही.

"आणि त्या आक्का?"

"त्यांची व्यवस्था करू ना. फाट्यावर पक्कं घर बांधून देतो. रस्ता, वीज, दवाखाना जवळ. त्या डोंगरावर कसले हाल काढायचे त्यांनी?" मग जरा थांबून, अगदी सहज म्हणाले, "घर तेवढं तिथून हलवावं लागेल. ते नसलं की जागा कशी दिसते, हे तुम्हीच तर दाखवलंत मला."

त्या वाक्यात टोमणा नव्हता. माझं कौतुक होतं ते. मला आजही त्याचाच जास्त त्रास होतो.

मी नाव सांगितलं. घर कुठे ते सांगितलं. वर "माझी ओळख सांगा, मानतात मला," असंही म्हणालो.

पुढचं सगळं सरळ झालं. मालक म्हातारे होते, मुलगा मुंबईला, डोंगरातल्या जमिनीत कुणाला रस नव्हता. खर्शीकर अधूनमधून फोन करायचे. काम झालं. घराचा पाया घातला. आक्कांचा मुलगा खूश आहे, त्याला टेम्पो घ्यायला मदत केलीय. सगळ्यांचं समाधान झालंय, बिवलकर. मी "वा, वा" म्हणायचो. त्या वर्षी उन्हाळ्यात मी आंबेटेकला गेलो नाही. कणकण होती, असं मंदाला सांगितलं. तिने कपाळाला हात लावून बघितला.

दिवाळीनंतर मात्र जावंच लागलं, सहातलं पहिलं चित्र सुरू करायला. भल्या पहाटे टेकाडावर चढलो, इझल लावलं आणि उजाडायची वाट बघत बसलो. उजाडलं. समोर घर नव्हतं. नुसतं घर पाडलं असतं तर जोतं तरी राहिलं असतं, पण खर्शीकरांचं काम चोख. जोत्याचे दगडसुद्धा उचलून नेले होते आणि वर गवत आलं होतं. हिरवं, सारखं, माझ्या ब्रशने भरावं तसं.

मी रंग काढले. काळा कोळसा घेऊन कॅनव्हासवर चार रेघा ओढल्या, पुसल्या, पुन्हा ओढल्या. नऊ वाजले, ऊन उतारावर आलं आणि कशावरही न थांबता घसरत पाण्यात गेलं. नजर टिकायला जागाच नव्हती. आधी त्या पत्र्याला शिव्या देत का होईना, मी त्याच्या आधाराने बाकीचं सगळं जोखत होतो, हे मला तेव्हा कळलं. त्याच्यापुढे उंबर किती गडद, पाणी किती फिकं. तो गेला आणि समोर नुसतं एक बरंसं दृश्य उरलं. मी कॅनव्हास तसाच आवरला आणि फाट्याची वाट धरली. चित्र होत नव्हतं म्हणून मला आक्कांची आठवण झाली, हेही नमूद करून ठेवतो.

फाट्यावर नवं घर लगेच सापडलं. दोन खोल्या, वर स्लॅब, बाहेरून गुलाबी रंग. आक्का दारात पाय पसरून बसल्या होत्या. मला बघून भिंतीला धरत उठल्या.

"आलास का मास्तर! किती वाळलास! आत ये, आत ये. साळू पानी आनाया गेलीया, यील आता."

आत फरशी होती. गुळगुळीत. आक्का जपून पाय टाकत होत्या. कोपऱ्यात शेगडी होती, म्हणून चहा लवकर झाला. दूध पिशवीचं होतं.

"म्हशी?" मी विचारलं.

"इकल्या. हितं कुटं चारायच्या? डांबरावर?" त्या म्हणाल्या. "एक इकली तवा साळू दोन दिस जेवली न्हाय. मंग बाकीच्या येकदमच देऊन टाकल्या."

त्यात तक्रार नव्हती. शेजारणीला सांगावं तसं सांगत होत्या. मी कप खाली ठेवला.

"आक्का, एक सांगायचंय. मालकाचं नाव... साहेबांना मालकाचं नाव मीच सांगितलं."

"ठाव हाय मला."

"ठाऊक आहे?"

"सायेबच बोलला की. मास्तरांच्या वळखीनं काम झालं म्हून. चांगला हाय त्यो मानूस. बोलल्यापरमान वागला." त्यांनी माझा कप पुन्हा माझ्यापुढे सरकवला. "पी. निवंल."

"तुम्ही मला दोन शिव्या तरी घाला हो!"

"शेळीला घातल्या हुत्या तुज्यासाटी, आता तुला घालू व्हय?" असं म्हणून त्या हसल्या. मग हसू ओसरलं आणि पदराने फरशीवरचा चहाचा थेंब पुसत म्हणाल्या, "तुला खरंच वाटत असंल तर येक काम कर माजं. घर काढून दे."

"घर?"

"आपलं वरचं. कागदावर. येक फोटू न्हाय रं त्याचा कुनाकडं. साळूच्या लग्नातलं हायत, पन ते देवळात काढल्यालं. लेक म्हनतो, इसरून जा. पन म्या म्हनलं, मास्तर हाय ना. कितींदा ऱ्हायलाय तितं. त्याला सगळं ठाव."

इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. एवढंच ना! हे तर माझंच काम. पिशवीतून मोठा जाड कागद काढला, मांडीवर पाटी घेतली, कोळशाला टोक केलं. आक्का समोर येऊन बसल्या, हात मांडीत घेऊन, देवापुढे बसावं तशा.

छपराची तिरकी रेघ मी झटक्यात ओढली. ती मला पाठ होती. तो पत्रा नऊ वाजता कसा दिसायचा ते आजही सांगतो, पांढऱ्यात किंचित निळा आणि अगदी चिमूटभर लिंबाचा पिवळा. तो रंग मी अंधारातसुद्धा कालवू शकलो असतो. मग छपराखाली आलो आणि कोळसा थांबला.

दार कुठे होतं?

मी डोळे मिटले. पत्रा चमकला. बाकी काही दिसेना. टेकाडावरून बघताना मी त्या जागेचे डाग बघितले होते. हा डाग गडद, हा फिका, हा नको. ओसरीवर झोपलो तेव्हा उद्याच्या चित्राचा विचार करत झोपलो. ताक प्यालो तेव्हा डोळे पाण्यावर होते.

"आक्का," मी जमेल तितक्या सहज विचारलं, "दार पाण्याच्या बाजूला ना?"

"पान्याच्या? अरं, दार उंबराकडं. त्याच्या फुडंच झोपायचास की तू."

"हो, हो. उंबराकडे." मी दार काढलं.

"येवढं मोटं न्हाय. वाकून जावं लागायचं. तुजं डोस्कं आपाटलं न्हवतं का?"

आपटलं होतं. टेंगूळ आठवत होतं, दार आठवत नव्हतं. मी पुसून बुटकं केलं.

"ओसरीचे खांब दोन?"

"तीन. मदला वाकडा." आता त्या माझ्याकडे जरा निरखून बघत होत्या. "त्याला म्हस पाट घासायची. झिजून झिजून मऊ झाला हुता."

मी तिसरा खांब काढला. वाकडा कुठल्या अंगाला, ते विचारलं. त्यांनी हवेत हात वाकवून दाखवला. मी तसा काढला, तो त्यांना पटला नाही, मी पुसला. मग जातं. मग पाण्याचा रांजण, तो ओसरीवर की खाली. मग भिंतीतली देवळी. आक्का सांगत होत्या, मी विचारत होतो, काढत होतो, पुसत होतो. कागद काळपट होत गेला. आणि हळूहळू त्यांचं सांगणं कमी झालं. मी विचारलं की त्या नुसत्या मान हलवायला लागल्या.

"इथे तुळस होती का?"

"व्हय. आसंल."

"आणि ही खिडकी?"

"व्हय, व्हय. आसंच हुतं."

हा सूर मी ओळखतो. शाळेत एखादा पोरगा अगदीच जमत नसताना घाम गाळून काहीतरी काढायचा आणि आशेने वही पुढे करायचा, तेव्हा मी याच सुरात "छान" म्हणायचो. आणि पुढच्या बाकाकडे वळायचो.

तरी मी चित्र पुरं केलं. हाताला सवय होती. सावल्या दिल्या, छपराचा उजेड कोरा ठेवला, उंबराची फांदी वरून आणली. देखणं झालं. प्रदर्शनात लावलं असतं तर गेलं असतं.

तेवढ्यात साळू हंडा घेऊन आली. मला बघून तिने पदर सावरला, हंडा उतरवला आणि आमच्या मधे पडलेल्या कागदाकडे वाकून बघितलं.

"कुनाचं घर वो हे, आत्याबाई?"

मी आक्कांकडे बघितलं नाही. बघवलंच नाही.

"आपलंच गं," आक्का म्हणाल्या. "मास्तरांनी काढलंय. नीट बग."

साळू पुन्हा वाकली. तिने नीट बघितलं, बराच वेळ. मग माझ्याकडे एकदा बघितलं आणि हंडा उचलून आत निघून गेली.

आक्कांनी कागद दोन्ही हातांनी उचलला, भिंतीवरच्या खिळ्याशी धरून बघितला आणि पुन्हा माझ्यापुढे आणून ठेवला.

"मास्तर, खाली आमचं नाव घाल. मोट्या अक्षरात."

"कशाला आक्का?"

"भितीवर लावनार म्या. कुनी बगितलं तर त्याला कळाया पायजे, कुनाचं घर हाय त्ये."

मी कोळसा घेतला आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, चांगुणा मरगळे यांचं घर. आक्कांनी ते मला तीनदा वाचून दाखवायला लावलं. चित्र पुरं झालं की मी उजव्या कोपऱ्यात सही करतो. तिथे तेव्हा जागा होती. मी सही केली नाही.